आवाजाची गाडी

वरठीला स्टेशनावरून कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पाण्याच्या टाकीच्या थोडं अलीकडे, भैय्यालाल आणि शोभाताईंचं घर आहे. घरापुढे टिनाची पडवी, पडवीत भैय्यालालचं दुकान, आणि दुकानावर पाटी, ‘येथे सर्व गाड्यांचे शॉकअप दुरुस्त करून मिळतील.’ मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला धरणाऱ्या ज्या दोन नळ्या असतात, ज्यांच्या पोटात स्प्रिंग आणि तेल असतं आणि ज्या रस्त्याचे धक्के गिळतात, त्यांना इकडे सगळे शॉकअपच म्हणतात. कारखान्यात तीस वर्षं तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रं सांभाळलेल्या माणसाला हे काम अवघड नव्हतं. पाळी सुटली की कामगार याच रस्त्याने घरी जात, आणि कोणाच्या ना कोणाच्या गाडीतून तेल गळतच असे. निवृत्तीनंतरची पहिली चार वर्षं दुकान झकास चाललं.

मग भैय्यालालना ऐकू कमी यायला लागलं. त्यांच्या वडिलांचंही साठीनंतर असंच झालं होतं, त्यामुळे शोभाताईंना ते लवकर ओळखू आलं. त्या आतून म्हणायच्या, “जेवायले चला,” आणि बाहेरून उत्तर यायचं, “हो, मंगळवारी देतो.” त्या हसायच्या, पण भैय्यालालना हसू येत नसे. “तूच हळू बोलून राहिली,” असं म्हणून ते पान्हा हातात घेत आणि काहीतरी कसायला लागत.

हे असं घरातल्या घरात चाललं असतं. पण एकदा गावातल्या एका मास्तरांची गाडी आली. पुढून कटकट आवाज येतो अशी तक्रार. भैय्यालालनी दोन दिवस खपून काम केलं आणि सांगितलं की आवाज गेला. मास्तर कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. आवाज जसाच्या तसा होता. भैय्यालाल म्हणाले, “कुठी आहे आवाज? मले तर नाई येऊन राहिला.” समोर नत्थूच्या चहाच्या टपरीवर पाच-सहा माणसं उभी होती. आवाज त्यांना तिथपर्यंत ऐकू येत होता. कोणी वाईट बोललं नाही, पण दोघंतिघं हसले, आणि ते हसणं भैय्यालालना ऐकू आलं नाही तरी दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नियम केला. तेल गळत असेल तर या, नळी वाकली असेल तर या. आवाजाची गाडी आपण घेत नाही. आता शॉकअपची दर दुसरी तक्रार आवाजाचीच असते. गिऱ्हाईक तुटत गेलं. सकाळी दुकान उघडायचं, हत्यारं पुसायची, ओळीत लावायची, आणि संध्याकाळी तीच हत्यारं पेटीत ठेवायची, असे सहा-सात महिने गेले. शोभाताई आतून बघत होत्या. बोलून उपयोग नव्हता, कारण मुळात बोललेलंच ऐकू न येण्याचा तो प्रश्न होता.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी त्या पडवीच्या कडेला उन्हात बसून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होत्या. तेवढ्यात एक वेगळीच गाडी दारात येऊन थांबली. उंच, पिवळ्या टाकीची, पुढचा मडगार्ड चाकाच्या वीतभर वर, टायरला खाचाखाचांची नक्षी. चालवणारा पस्तिशीचा, अंगाने भरलेला माणूस होता. हेमराज त्याचं नाव. मोहाडीचा, हातमागाच्या कोशाच्या रेशमी साड्यांचा व्यापारी.

“काकाजी, रामराम. तुमचं नाव ऐकून आलो,” तो म्हणाला, आणि कोणी न विचारता गाडीची गोष्ट सांगायला लागला. चाळीस वर्षांपूर्वी नाकाडोंगरीकडे जमिनीखालचा दगड तपासायला कोणी साहेब आला होता. जंगलातून फिरायला त्याने ही चिखलात-दगडात चालणारी गाडी परदेशातून मागवली. साहेब गेला, गाडी राहिली, आणि फिरत फिरत केवळराम नावाच्या एका शेतकऱ्याच्या गुरांच्या कोठ्यात जाऊन पडली. हेमराज एका लग्नाला तिकडे गेला असताना त्याला ती दिसली. तिच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. पिलं निघेपर्यंत थांबा, मग न्या, असं केवळरामने सांगितलं, आणि हेमराज तीन आठवडे थांबला.

“दोन वर्षं लागले उभी करायले,” तो म्हणाला. “इंजिन मस्त आहे. पण पुढून आवाज येते. खड्ड्यातून निघाली का टण्. तुमसरले दाखवली, भंडाऱ्याले दाखवली. एकानं हँडलखालचा कोनसेट बदलला, दुसऱ्यानं ऑइल सील बदलले. आवाज तसाच. येत्या रविवारी साकोलीले जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. शेतातून चक्कर मारायची आहे सगळ्यांसमोर. असा आवाज करत गेलो तर गाडी पाहाले नाई, आवाज ऐकाले लोक येतीन.”

भैय्यालाल त्याच्या ओठांकडे बघत होते. मधूनच त्यांची नजर गाडीकडे वळत होती हेही शोभाताईंनी पाहिलं. पण ‘आवाज’ हा शब्द ओठांवरून त्यांना बरोबर कळला. ते म्हणाले, “आपण आवाजाची गाडी घेत नाई.”

हेमराजने हेल्मेट उचललं. शोभाताई शेंगांवरून मान वर न करता म्हणाल्या, “ठेवून जा. बुधवारी फोन करा.”

हेमराजने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि, यांचं मत बदलायच्या आत निघावं म्हणून असेल, हेल्मेट हातात तसंच धरून स्टेशनाकडे चालू पडला.

“काहून म्हटलं तू त्याले?” भैय्यालाल म्हणाले.

शोभाताई उठल्या, त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना दिसेल असं, सावकाश म्हणाल्या, “कारण मले ऐकू येते.”

हे त्या घरात पहिल्यांदाच उघड बोललं गेलं. भैय्यालाल थोडा वेळ पिवळ्या टाकीवरून हात फिरवत उभे राहिले. मग आत जाऊन पेटी घेऊन आले.

शोभाताईंना मोटारसायकलीतलं काही कळत नव्हतं. त्यांचं माहेरही मोहाडीचंच, कोष्ट्याचं घर. लहानपणी वडिलांच्या तीन मागांच्या खटखटाटात त्या आतल्या खोलीत कांड्या भरत बसायच्या, आणि तिथूनच ओरडायच्या, “बाबा, मधल्या मागाचा धोटा अडकून राहिला.” वडील उठून बघायचे तर खरंच अडकलेला असायचा. याचं त्यांना स्वतःला कधी विशेष वाटलं नाही. लग्न होऊन चौतीस वर्षं झाली होती आणि मागाचा आवाज कानावर पडूनही बरीच वर्षं लोटली होती.

भैय्यालालनी गाडीखाली लाकडाचा ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी केलं. चाकाशी बसून दोन्ही नळ्या खालून धरल्या आणि पुढेमागे ओढून बघितल्या. “कोनसेट पक्का आहे,” ते म्हणाले. हातांना जे कळतं ते त्यांना अजून सगळं कळत होतं. मग गाडी खाली घेतली, पुढचा ब्रेक दाबून धरला आणि हँडलवर भार देऊन गाडी दाबली, सोडली, दाबली, सोडली.

“येऊन राहिला का?”

“येते.”

“कसा?”

शोभाताईंनी विचार केला. “टण् नाई म्हणता येत. दाराची कडी आपटते ना, आतल्या आत, तसा.”

“ढिल्या पत्र्यासारखा नाई?”

“पत्र्याचा नाई. जाड आहे.”

तरी त्यांनी मडगार्ड काढला, मग दिवा, मग ब्रेकच्या वायरची पट्टी. एकेक वस्तू काढायची, गाडी दाबायची, आणि शोभाताईंकडे बघायचं. शोभाताई दर वेळी मान हलवायच्या. आहे. अजून आहे. दुपारपर्यंत गाडीचं तोंड उघडंबोडकं झालं आणि आवाज मात्र होता तिथेच होता.

“म्हणजे आतच आहे,” भैय्यालाल म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा उजळला. आतलं काम त्यांचं होतं.

मंगळवारी त्यांनी खालचे स्क्रू काढून दोन्ही नळ्यांतलं तेल वाटीत घेतलं. काळं, खारवलेल्या मासळीच्या वासाचं तेल निघालं, आणि तेही एकीकडे दुसरीकडपेक्षा कमी. आता रीतसर करायचं तर वरच्या टोप्या खोलून आत बघायला हवं होतं. पण त्या टोप्यांच्या कडा आधीच्या कोणीतरी चुकीचा पान्हा लावून घासून टाकल्या होत्या, आणि असली टोपी तुटली तर चाळीस वर्षं जुन्या परदेशी गाडीला दुसरी कुठून आणायची? टोपीच्या मधोमध हवा भरायचं बारीक छिद्र होतं. भैय्यालालनी गुरांना टोचायची मोठी पिचकारी आणली आणि त्या छिद्रातून दोन्हीकडे मोजून सारखं नवं तेल सोडलं. गाडी दाबून बघितली. हाताला ती लोण्यासारखी मऊ लागली. त्यांनी तिथूनच हेमराजला फोन लावला आणि मोठ्या आवाजात सांगितलं की काम झालं.

शोभाताई तेव्हा पीठ दळायला गिरणीवर गेल्या होत्या. आल्या तेव्हा भैय्यालाल त्यांना दाखवायला म्हणून गाडी वरखाली करत होते.

आवाज होता. आधीपेक्षा थोडा बारीक, पण होता.

शोभाताई पिठाचा डबा हातात धरून उभ्या राहिल्या. नवरा इतक्या महिन्यांनी असा हसत होता. न सांगावं असं त्यांना क्षणभर वाटलं. मग त्यांना मास्तरांची गाडी आठवली.

“आहे,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“आवाज आहे अजून.”

“नवं तेल टाकलं. बरोबर टाकलं.”

“मी तेलाले काही म्हणून राहिली का? आवाज आहे म्हणते.”

“तुले भास होऊन राहिला,” भैय्यालाल म्हणाले, आणि पुढे ते बोलले ते त्यांनी बोलायला नको होतं. “मागावर बसणाऱ्याच्या पोरीले शॉकअपचं काय समजते?”

शोभाताई डबा घेऊन आत गेल्या. त्या संध्याकाळी जेवण वेळेवर झालं, भाजीत मीठही बरोबर होतं, पण वाढताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ऐकू कमी येणाऱ्या माणसालाही घरातली ती शांतता ऐकू आली. हात धुताना भैय्यालाल म्हणाले, “सकाळी एक खेप अजून पाहू. तू सांगशीन तसं.”

बुधवारी सकाळी शोभाताईंनी हेमराजला फोन करून अजून थांबायला सांगितलं, पदर खोचला आणि सूत्रं हातात घेतली. समोरून नत्थूला बोलावलं, कारण दाबून धरायला वजनदार माणूस पाहिजे होता आणि नत्थूचं वजन नव्वदच्या वर होतं. नत्थू यायच्या आत त्याची गिऱ्हाइकंही चहाचे ग्लास घेऊन रस्ता ओलांडून आली. प्रत्येकाचं मत होतं. एक म्हणाला चाकाचं बेअरिंग, दुसरा म्हणाला फ्रेमला तडा असेल, तिसऱ्याच्या मते गाडीच विकून टाकावी.

“सगळे जरा चूप बसा जी,” शोभाताई म्हणाल्या. सगळे चूप बसले. “नत्थूभाऊ, हळूहळू दाबा. एकदम नाई. दाबून धरा. मी म्हणीन तवा सोडा.”

त्या गाडीच्या तोंडाशी खाली बसल्या. नत्थूने हँडल दाबत नेलं. नळ्या आत गेल्या. काही नाही, नुसता तेलाचा चुळचुळ आवाज.

“आता सोडा.”

गाडीने उसळी घेतली आणि टण्.

“अजून एकदा.” पुन्हा तेच. दाबताना काही नाही, सोडताना टण्. शोभाताईंनी एकदा उजव्या नळीशी कान नेला, एकदा डाव्या. आठ-दहा वेळा नत्थूला दाबायला लावलं. तो घामाघूम झाला. मग त्या भैय्यालालकडे वळल्या आणि बोटाने दाखवत म्हणाल्या, “खाली जाताना नाई. वर येताना. अन् डावीकडून. अन् खालून नाई, वरून, टोपीपासून.”

भैय्यालालनी त्या दाखवत होत्या तिथे, डाव्या टोपीवर, तळहात टेकवला. नत्थूने दाबलं आणि सोडलं. भैय्यालालचे डोळे मोठे झाले. हात न काढता ते म्हणाले, “अजून.” परत दाबलं, सोडलं. तळहातावर आतून कोणीतरी टिचकी मारावी तसं लागलं.

“आहे,” ते म्हणाले. “बराबर आहे. इथीच आहे.”

आता टोपी खोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. भैय्यालालनी घासलेल्या कडांवर बसेल असा पान्हा कानसून तयार केला. टोपीभोवती तेल सोडलं, कापड गुंडाळून गरम पाणी ओतलं, थांबले, पुन्हा ओतलं. दोन तास गेले. चहा पिणाऱ्यांची गर्दी कंटाळून पांगली. शेवटी टोपी ‘कर्र’ करून हलली, आणि हे त्यांना हाताने आणि शोभाताईंना कानाने एकाच वेळी कळलं.

चांगल्या शॉकअपची टोपी शेवटच्या आट्याला आतल्या स्प्रिंगच्या जोराने उसळून वर येते, म्हणून माणूस तोंड बाजूला ठेवून ती खोलतो. ही उसळलीच नाही. चटणीच्या बरणीचं झाकण निघावं तशी निमूट निघाली. भैय्यालालनी आत टॉर्च मारला. स्प्रिंग चांगली चार बोटं खाली, सुटी पडली होती. तिच्यावर काहीतरी काळपट होतं. चिमट्याने ओढलं तर लाकडाचा तुकडा निघाला, तेलात मुरलेला, खालून चुरा होऊन निम्मा झालेला.

त्यांनी उजवीकडची टोपीही खोलली. तिच्याखाली स्प्रिंगवर बसवलेली लोखंडी नळी निघाली, वीतभर लांब, जशी कारखान्यातून आली असेल तशी. डावीकडची नळी कधीतरी हरवली असणार, आणि जंगलातल्या त्या साहेबाच्या कॅम्पवर कोणीतरी तिच्या जागी सागाचा तुकडा तासून बसवला होता. लाकूड झिजलं, स्प्रिंग सैल झाली, आणि गाडी खड्ड्यातून वर आली की ती उसळून टोपीवर आपटायची. लोकांनी खालचं सगळं बदललं, वरून कोणी पाहिलंच नाही.

“मीही नाई पाह्यलं,” भैय्यालाल म्हणाले. लाकडाचा तुकडा त्यांनी उलटापालटा करून बघितला. “पण कारागीर असन बाप्पा. किती वर्षं चालवलं त्यानं याच्यावर.” मग तुकडा बाजूला ठेवून ते शोभाताईंना म्हणाले, “काल मी बोललो ते काही बराबर नोतं.”

“हो,” शोभाताई म्हणाल्या. “नोतंच.” आणि चहा ठेवायला आत गेल्या.

तशी लोखंडी नळी इथे कुठे मिळणार? पण मापाचा पाईप कोणता, हेही शोभाताईंनाच सुचलं. नळयोजनेचं काम झालं तेव्हाचा जाड प्लास्टिकचा पाईप स्लॅबवर पडून होता. उजवीकडच्या नळीच्या लांबीचा तुकडा कापला, दोन्ही तोंडं अगदी सरळ घासली, वर-खाली लोखंडी वायसर दिले. तुकडा आत सोडून टोपी लावताना भैय्यालालना छातीचा जोर लावावा लागला. स्प्रिंग विरोध करत होती. “आता कशी जिवंत झाली,” ते म्हणाले. तेलही त्यांनी या वेळी नळ्या पूर्ण दाबून, वरून पट्टी घालून, दोन्हीकडे सारख्या उंचीवर मोजलं.

गुरुवारी संध्याकाळी चाचणी. ग्रामपंचायतीसमोरच्या गतिरोधकाच्या कडेला शोभाताई उभ्या राहिल्या. भैय्यालाल गाडी घेऊन पाण्याच्या टाकीपर्यंत गेले आणि आले. गतिरोधकावरून गाडी वर उडाली, खाली आली. टायरच्या घरघरीखेरीज काही नाही. शोभाताईंनी हात वर केला. भैय्यालालना तेवढ्याने समाधान होईना. “वजनावर पाहू,” म्हणून त्यांनी नत्थूला गाडी दिली.

नत्थू गतिरोधकावरून गेला आणि खुळ्ळ असा आवाज आला.

शोभाताईंचा हात अर्ध्यावर थांबला. भैय्यालालनी तो थांबलेला पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. “आहे का?”

“थांबा.” त्यांनी नत्थूला परत यायला लावलं. खुळ्ळ. पुन्हा. खुळ्ळ. शोभाताई गाडीजवळ गेल्या, वाकून नळ्यांकडे बघितलं आणि मग सरळ होऊन नत्थूकडे बघितलं.

“नत्थूभाऊ, खिशात काय आहे?”

नत्थूने शर्टाच्या खिशातून चुन्याची पत्र्याची डबी काढली. आत सुपारीची दोन खांडं होती. ती काढून ठेवून तो पुन्हा गेला. या वेळी काहीच वाजलं नाही. भैय्यालाल गतिरोधकावरच मटकन बसले आणि इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

हेमराजने शनिवारी गाडी नेली. जाताना वरठीच्या सगळ्या खड्ड्यांतून मुद्दाम घातली आणि कोपऱ्यावरून वळून परत आला, नुसतं हे सांगायला की काही वाजत नाही. शोभाताईंसाठी त्याने मोहाडीहून कोशाचं एक चोळीखण आणलं होतं. त्यांनी ते उलटून काठ बघितला, धाग्यावरून बोट फिरवलं आणि कोणाच्या मागावरचं आहे ते विचारलं. त्याने नाव सांगितलं. त्या ओळखत होत्या. मग अर्धा तास दोघं मोहाडीच्या घराघरांतून फिरून आली.

रविवारी त्याने साकोलीहून फोनवर व्हिडिओ पाठवला. पिवळी गाडी धानाच्या कापलेल्या बांधीतून जात होती, दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून उडत होती. लोक ओरडत होते. भैय्यालालनी तो सहा वेळा पाहिला. शोभाताईंनी एकदाच, फोन कानाशी धरून, चित्राकडे न बघता ऐकला आणि “ठीक आहे,” म्हणून परत दिला.

त्यानंतरच्या महिन्यात शोभाताईंनी त्यांना भंडाऱ्याला कान तपासायला नेलं. मुलगी रेणू नागपुरात नोकरीला असते. तिने कानात घालायचं यंत्र पाठवलं. भैय्यालाल ते रेणूचा फोन आला की घालतात, जेवताना घालतात. दुकानात मात्र काढून ठेवतात. त्यात सगळेच आवाज सारखे मोठे येतात, म्हणतात, कामाचा कोणता आणि बिनकामाचा कोणता ते कळत नाही.

दुकान पुन्हा चालायला लागलं. आता लोक शॉकअपच नाही, पंखे, पाण्याच्या मोटारीही आणतात; एकाने तर शिवणयंत्र आणलं. “ताई आहेत का?” असं दारातूनच विचारतात. शोभाताईंना याचा कंटाळा येतो आणि मजाही वाटते. स्वयंपाक होईपर्यंत त्या कोणासाठी उठत नाहीत.

परवा त्या बाजारातून परत येत होत्या. दोन्ही हातांत पिशव्या. लांबूनच दिसलं की दारात तुमसरकडची एक मोटारसायकल उभी आहे आणि कोणी अनोळखी माणूस हातवारे करून भैय्यालालना काही सांगतो आहे. जुनी सवय म्हणून शोभाताईंनी पाय उचलला. भैय्यालाल आता मान हलवतील, सगळं ऐकू आल्यासारखं दाखवतील आणि भलतंच काहीतरी कबूल करून बसतील, असं त्यांना वाटलं.

त्या फाटकापाशी पोचल्या तेव्हा भैय्यालाल त्या माणसाला खुर्ची पुढे करत होते.

“मले ऐकू कमी येते, भाऊ,” ते म्हणाले, चांगल्या खणखणीत आवाजात, समोर नत्थूच्या टपरीपर्यंत जाईल असं. “आवाजाचं काम बाई पाहते. बाजारात गेली आहे, येईनच. तवर चहा घ्या.”